छत्री, बॅटरी आणि वैजयंता

वस्तू विकत घ्यायची म्हटली की कोंडिराम तांब्यांच्या अंगात यायचं. साधा नारळ घ्यायचा, तर हा माणूस तो कानाशी धरून हलवणार, टिचकी मारणार, शेंडी ओढून बघणार, मग चार दुकानं पालथी घालून पुन्हा पहिल्याच दुकानात येणार आणि विचारणार, "खवट निघाला तर परत घ्याल ना?" गोडदेव नाक्यावरचा नारळवाला त्यांना लांबून बघितलं की पाणी प्यायला आत जायचा. आता बोला!

भाईंदरचा फ्लॅट घेताना तर त्यांनी बिल्डरचा जीव मेटाकुटीला आणला होता. प्रत्येक भिंतीला कान लावून ठोकून बघितलं. बिल्डर शेवटी म्हणाला, "काका, घर देतोय मी, मडकं नाही." पण पोस्टात टपाल वेगळं करण्यात जन्म गेलेला माणूस तो. नायगावची चाळ सोडून भाईंदर पूर्वेला आले, रिटायर झाले, तरी सवय जाईना. घेतलेल्या प्रत्येक वस्तूचं खोकं माळ्यावर जपून ठेवलेलं. मिक्सरचं, पंख्याचं, इस्त्रीचं. जुना टीव्ही भंगारात गेला, त्याचं खोकं मात्र वर ठाण मांडून बसलेलं. "परत करायची वेळ आली तर?" हा त्यांचा ठरलेला सवाल. वैजयंताबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदा विचारलंही होतं, "अहो, माझं खोकं कुठं ठेवलंय?"

तर अशा या माणसाला दोन हजार सातच्या पावसाळ्यात डोक्याला बांधायची बॅटरी घ्यायची होती. का, तर शुगर निघाली होती आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. निदान सगळ्यांना त्यांनी कारण हेच सांगितलं.

खरं कारण वेगळं होतं. त्यांच्या बिल्डिंगपासून बुद्धविहारापर्यंतचा रस्ता जेमतेम दहा मिनिटांचा, पण गटाराच्या कामासाठी वर्षभर उखडून ठेवलेला. दिव्याचे खांब होते, दिवे नव्हते. रिक्षावाले तिकडे यायचं नाव काढत नव्हते. गेल्या थंडीत तिन्हीसांजेला विहारातून येताना वैजयंताबाई त्या खड्ड्यात पडल्या. डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बाईंनी हाय खाल्ली ती खाल्लीच. अंधार पडला की उंबरा ओलांडायचं नाव नाही. "माझं घरीच बरं," एवढंच म्हणायच्या.

आणि आता वर्षावास आला होता. वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, आणि ते वाचन वैजयंताबाईंचं. सातवी शिकलेली बाई, पण वाचायची काय! एकेक वाक्य सोलून हातात द्यावं तशी. वाक्य संपलं की पुस्तकातून मान वर करून समोरच्या माणसांकडे बघायची, त्यांना कळलंय का ते बघायची, मगच पुढे जायची. कोंडिराम मागच्या खांबाला टेकून बसायचे आणि ऐकायचे. ही आपली बायको नव्हे, कुणीतरी मोठी बाई आहे असं त्यांना वाटायचं, आणि मग ती आपलीच आहे हे आठवून छाती भरून यायची. हे त्यांनी तिला कधी सांगितलं होतं? छे! लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण असलं काही तोंडातून निघालं नाही.

यंदा तिच्या जागी विहारातलेच दशरथभाऊ वाचणार असं ठरत होतं. शेजारच्या सुगंधाबाई येऊन सांगून गेल्या, "दशरथभाऊ वाचतात हो, पण पूर्णविरामाला थांबतच नाहीत. गेल्या रविवारी अर्धा विहार झोपला." वैजयंताबाई हसल्या, आणि मग उगाचच स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागल्या. कोंडिरामांनी ते बघितलं.

तिला हाताला धरून न्यायचं, हे त्यांनी त्याच क्षणी ठरवलं. पण घोडं अडलं ते हातांवर. पावसाचे दिवस, एका हातात छत्री हवी. रस्ता काळाकुट्ट, दुसऱ्या हातात बॅटरी हवी. मग वैजयंताबाईंना धरायचं कशानं? तिच्या उजव्या हातात पिशवी, डाव्यात जोर नाही. छत्री, बॅटरी आणि वैजयंता, आणि माणसाला हात दोन. हे त्यांनी मनातल्या मनात सगळ्या बाजूंनी जुळवून बघितलं. शेवटी टीव्हीवर खाणीतले कामगार दिसले, कपाळाला दिवे बांधलेले, आणि कोंडिराम खुर्चीतून ताडकन उठले.

पेन्शनच्या कामाला फोर्टला गेले, तेव्हा तिथल्या एका गिर्यारोहणाच्या दुकानात शिरले. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "कुठला ट्रेक करताय काका?"

"गोडदेव."

"गोडदेव? नाशिकच्या बाजूला येतो का हो?"

"भाईंदरात येतो. पूर्वेला."

पोरगा सभ्य होता, हसला नाही. पण किंमत सांगितली तेव्हा कोंडिरामांनी ती बॅटरी दोन्ही हातांनी परत काउंटरवर ठेवली. एवढ्यात तर दिव्यासकट खांब येईल, असं पुटपुटत बाहेर पडले.

मग भाईंदर स्टेशनबाहेरचा फेरीवाला. त्याच्याकडे रंगीबेरंगी पट्ट्यांच्या बॅटऱ्या ढिगानं होत्या. पहिलीचा पट्टा एवढा सैल, की बॅटरी गळ्यात आली. दुसरीचा एवढा घट्ट, की कोंडिरामांच्या भुवया वर चढून राहिल्या आणि ते सगळ्या स्टेशन रोडकडे आश्चर्यानं बघायला लागले. उजेड मात्र झकास होता. फक्त पडत होता सरळ आभाळात. समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी लख्ख दिसत होती, पायाखालचं काही नाही.

"ये नीचे नहीं झुकता?" त्यांनी विचारलं.

"अंकल," फेरीवाला म्हणाला, "आप झुको ना!"

शेवटी जयंतीभाईंचं हार्डवेअरचं दुकान. जयंतीभाई शांत माणूस, कोंडिरामांना ओळखून असलेला. त्यांनी खालच्या कपाटातून एक काळी बॅटरी काढली. हिचा दिवा बिजागरीवर खालीवर व्हायचा, पट्टा धड होता आणि भावही ऐकवेल असा होता. दुसरा माणूस असता तर घेऊन चालता झाला असता. कोंडिराम म्हणाले, "अंधेरे में ट्रायल लेना पडेगा."

"भरदुपारी अंधेरा किधर से लाऊँ, तांबेकाका?"

"शटर गिराओ ना."

काय करणार बिचारे! शटर पाडलं. आत मिट्ट काळोख. कोंडिरामांनी बॅटरी कपाळाला बांधली, उजव्या हातात छत्री उघडली, आणि डाव्या हातानं जयंतीभाईंचा हात घट्ट धरला.

"अरे, मेरा हाथ क्यूँ पकडा?"

"ट्रायल पूरा होना चाहिए. चलो."

आणि निघाली वरात! रंगाचे डबे, पाइपांचे भारे, खिळ्यांच्या गोणी यांच्यामधून दोघं म्हातारे एका छत्रीखाली हातात हात घालून दुकानाला फेऱ्या घालतायत. कोंडिराम मध्येच थांबायचे, "इधर खड्डा समझो," म्हणायचे आणि जयंतीभाईंना अलगद पलीकडे न्यायचे. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी गिऱ्हाईकानं शटर वर केलं. बाहेर चारपाच जण उभे होते. जयंतीभाईंनी हात सोडवून घेतला आणि घाम पुसत हळूच विचारलं, "भाभी के लिए है?"

"शुगर के लिए," कोंडिराम म्हणाले.

पसंत नाही पडली तर आठ दिवसांत परत घेईन, फक्त खोकं साबूत पाहिजे, असं जयंतीभाईंकडून त्यांनी तीनदा वदवून घेतलं. घरी आल्याबरोबर खोकं माळ्यावर गेलं, प्लास्टिकच्या पिशवीत. पट्ट्याला घाम लागू नये म्हणून कपाळाला आधी रुमाल, मग बॅटरी.

त्या दिवशी जेवतानाही त्यांनी ती काढली नाही. सवय व्हायला हवी म्हणे. ज्याच्याशी बोलतील तो डोळ्यांपुढे हात धरायचा. मुलगा धम्मदीप ताट घेऊन आतल्या खोलीत गेला. सून तेजश्री मात्र मजा बघत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "बाबा, उजेड बर्फीवर पडतोय."

"कुठं? मी आमटीकडे बघतोय."

"आमटी इकडे आहे. आता पुन्हा बर्फीवर गेला."

वैजयंताबाईंनी बर्फीचा डबा उचलून पदराखाली घेतला. उजेड पदरावर गेला. "बघा!" त्या म्हणाल्या. "चांगली वस्तू आणलीत. तुमची नजर कुठं असते ते आता सगळ्या घराला कळेल."

दुसऱ्या दिवशी आषाढी पौर्णिमा, वर्षावासाचा पहिला दिवस. चंद्राचा काही उपयोग नव्हता, ढगांनी कधीच गिळला होता. संध्याकाळी कोंडिरामांनी कपाळाला बॅटरी बांधली, छत्री घेतली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "मला एकट्यानं चालायचा कंटाळा येतो. विहाराच्या गेटापर्यंत चल. नाही आवडलं तर परत फिरू."

वैजयंताबाईंनी डावं मनगट चोळलं. मग म्हणाल्या, "पडले तर?"

"मी धरतो की. हा बघ, एक हात मोकळा आहे."

तेव्हा कुठं त्या बाईंना ती छत्री, तो रुमाल, ते शटर पाडून केलेलं ट्रायल, सगळं एकदम कळलं. ट्रायलची गोष्ट तोवर निम्म्या गोडदेवला कळली होतीच. त्या तडक उठल्या. आत जाऊन पांढरं लुगडं नेसून आल्या आणि चष्मा पिशवीत टाकला.

रस्त्यावर काळोख आणि चिखल. कोंडिरामांनी तिचा हात धरला. भर रस्त्यात, आयुष्यात पहिल्यांदा! हात गार पडला होता. ते दगड दाखवत होते, फळी दाखवत होते, आणि बॅटरी आपलं काम चोख बजावत होती. बायको पडली होती तो खड्डाही मागे गेला. तिथं वैजयंताबाईंनी श्वास रोखला, नवऱ्याचा हात करकचून दाबला, आणि पार झाल्या. मग त्यांचा हात सैल झाला. आणि चालता चालता त्या हळू आवाजात आजचं वाचन म्हणून बघायला लागल्या.

झालं. रस्त्यावरचा उजेड गेला आणि बाईंच्या तोंडावर पडला.

"अहो, रस्ता!"

"हो हो." उजेड रस्त्यावर. दोन वाक्यं झाली, की पुन्हा तोंडावर.

"मला काही दिसत नाहीये! रस्त्याकडे बघा की!"

"बघतोय गं," असं कोंडिराम म्हणाले आणि चक्क तिच्याकडेच बघत गुडघाभर पाण्यात गेले. छत्री उलटी झाली. वैजयंताबाईंनी पिशवी खांद्यावर टाकली आणि त्यांना ओढून काढलं, उजव्या हातानं आणि मोडलेल्या डाव्या हातानंही. भीतीबिती सगळी कुठल्या कुठे. चिखलानं माखलेला नवरा समोर उभा राहिला, तशी त्यांना हसू आवरेना. "पस्तीस वर्षं समोर होते, तेव्हा नाही बघितलंत! बघायला हाच रस्ता सापडला?"

मग त्यांनी सरळ हात वर केला, नवऱ्याच्या कपाळावरची बॅटरी काढली आणि स्वतःच्या डोक्यावर, पदरावरून बांधली. "चला. तुम्ही फक्त छत्री धरा," असं म्हणून त्यांनी त्यांचा हात पकडला, आणि दोघं नीट विहारात पोहोचले.

वाचणाऱ्याच्या जागेवरची ट्यूब त्या दिवशी सकाळीच गेली होती. वैजयंताबाईंना बघून दशरथभाऊंनी पुस्तक असं काही पुढे केलं, की जणू जन्मठेपेतून सुटले. "जयभीम ताई, या, या!" डोक्यावरची बॅटरी तशीच ठेवून वैजयंताबाई वाचायला बसल्या. उजेड पानावर पडला. तोच जुना आवाज, तेच सोललेलं वाक्य. कुणी झोपलं नाही.

आणि वाक्य संपलं, की सवयीनं त्यांची मान वर व्हायची. उजेड पुस्तकावरून निघायचा, माणसांच्या डोक्यांवरून जायचा आणि मागच्या खांबापाशी, पँट दुमडून बसलेल्या, चिखलानं भरलेल्या माणसावर जाऊन थांबायचा. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. पण मग प्रत्येक पूर्णविरामाला तेच व्हायला लागलं. सगळा विहार मान वळवून उजेड कुठं जातोय ते बघायला लागला. पहिल्या रांगेतल्या सुगंधाबाई शेवटी म्हणाल्या, "वैजयंताताई, आम्हीपण आलोय हो!" सगळे हसले, विहारातले भिक्खू भन्तेसुद्धा. कोंडिरामांना कळलं, की आजवर ती माणसांकडे बघते असं जे त्यांना वाटायचं, ते कधी खरं नव्हतंच; ती बघायची ते मागच्या खांबाकडे.

घरी आले तेव्हा तेजश्रीनं दार उघडलं आणि सासऱ्यांचा अवतार बघून कपाळाला हात लावला. "अगं बाई! बॅटरी फेल गेली वाटतं? परत करायची ना मग? खोकं काढू का बाबा, माळ्यावरून?"

"काढ," कोंडिराम म्हणाले.

तिनं स्टूल घेतलं, खोकं काढलं, पुसून त्यांच्या हातात दिलं. कोंडिरामांनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि तिलाच परत केलं. "त्यात तुझ्या सेफ्टी पिना ठेव. नाहीतर बटणं ठेव. उगीच जागा अडवतंय."

तेजश्री स्टुलावरून उतरायचीच विसरली. आतून वैजयंताबाईंचा आवाज आला, "कोण बोलतंय गं हे?" आणि त्या स्वतःच दारात आल्या. बॅटरी अजून डोक्यावरच होती, चालू. उजेड सरळ कोंडिरामांच्या तोंडावर आला. त्यांनी डोळे बारीक केले, पण हात काही आडवा धरला नाही.