आधी पाय आणा

कोपऱ्यावर वळताना ताई घंटी दोनदा वाजवते. ती घंटी कानावर पडेपर्यंत माझं कशात म्हणून लक्ष लागत नाही. खिडकीशी मशीन लावून मी लोकांचे ढगळ कपडे आवळते, आखूड झालेले लांबवते, पण हात कपड्यावर आणि कान रस्त्यावर. तिची यायची वेळ टळली की हात चुकतो. मग मी कुणाची तरी विजार वाकडी शिवून ठेवते आणि उसवत बसते.

पूर्वी मी अशी नव्हते. गेल्या महिन्यात ताई सायकलवरून पडली, तेव्हापासून हे सुरू झालं.

ताई रक्त काढते. लॅबमध्ये बसून नाही, लोकांच्या घरी जाऊन. ज्यांना जिना उतरवत नाही, ज्यांना अंथरूण सोडवत नाही, त्यांच्याकडे सकाळी उपाशीपोटी असतानाच जायचं, नळीत रक्त घ्यायचं आणि डबा कॅरियरला बांधून पुढच्या घरी. अख्खी वस्ती तिला डास म्हणते, तेही तोंडावर. तिला त्याचं काही नाही. दारातून आत शिरताना स्वतःच म्हणते, "डास आला, बाही वर करा." हात इतका हलका की सुई गेली कधी ते माणसाला कळत नाही. म्हातारी माणसं दंड दाबून धरत म्हणतात, "अगं, लागलंच नाही." हे ऐकलं की ती दिवसभर खुशीत असते.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. तिने मला वाढवलं आणि त्या नादात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. माझं झालं, पण टिकलं नाही, आणि एक दिवस मी शिवणाचं मशीन घेऊन परत तिच्या दारात उभी राहिले. तिने मला काही विचारलं नाही. मशीनकडे बघितलं आणि म्हणाली, "खिडकीशी ठेव, तिथे उजेड आहे." तेव्हापासून मला ती आणि तिला मी.

तिला स्वतःला साखर आहे. गोळ्या घेते. दुसऱ्यांची साखर रोज मोजते, पण तुझी किती आहे विचारलं की "ठीक आहे" म्हणते आणि ताकास तूर लागू देत नाही.

तर ती पडली. औषधाच्या दुकानापाशी वळताना उजवा पाय पेडलवरून सटकला, सायकल आडवी आणि ही रस्त्यात. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने ब्रेक दाबला म्हणून वाचली. कोपर सोलवटलं. नळ्यांच्या डब्याला मात्र ओरखडा नाही, कारण पडताना तिने मागे हात टाकून आधी तो धरला होता. लॅबच्या मॅडम चांगल्या आहेत, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर सायकल बंद. आत बसायचं आणि नळ्यांवर नावं चिकटवायची. ताई त्या रात्री जेवली नाही. घरोघर जायचं बंद झालं तर ती वाळून जाईल हे मला माहीत होतं. आणि सायकल चालू राहिली तर कुठल्या वळणावर काय होईल, या विचाराने मीच वाळत चालले होते.

माणूस पडलं की मला दोष द्यायला काहीतरी लागतं. मी आधी चपलेला दिला. गुळगुळीत तळाच्या चपला घालून सायकल चालवतेस, पाय सटकेल नाहीतर काय होईल, असं म्हणून तिला नाडीचे कापडी बूट आणले. तरी ती सायकलवर बसली की खाली बघायची. चार पेडल मारले की मान खाली, पुन्हा चार मारले की खाली. मी गॅलरीतून म्हणायचे, "रस्त्याकडे बघ गं बाई. बूट नवे आहेत ते कळलं सगळ्यांना." ती हसून हात करायची, आणि तो हात सोडलेला बघून मला आणखी धडकी भरायची.

मग मी पेडलला दोष दिला. पेडल जुने, अरुंद, वरचं रबर झिजून अगदी तुळतुळीत झालेलं. म्हटलं, सापडला चोर.

सायकलवाल्या काकांचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली बोळ आहे, वर पत्रा टाकलेला. तारेला ओळीने पेडल टांगलेले. मी समजत होते पेडल म्हणजे पेडल, पण तिथे रबराचे होते, जाड प्लॅस्टिकचे रुंद होते, आणि बारीक खिळ्यांचे धातूचे होते, जे बुटाला चावून धरतात आणि पाय चुकला तर नडगी सोलतात. मी म्हटलं, "काका, त्यातल्या त्यात चांगले द्या. रोज वापरायची साधी सायकल आहे, शर्यत नाही लावायची."

"पाय कुणाचा?" काकांनी विचारलं.

"बहिणीचा."

"मग आधी पाय आणा."

मी हुज्जत घातली, पण काका ऐकेनात. त्यांची पद्धतच तशी आहे. सायकल स्टँडवर चढवायची, जो चालवणार त्याला सीटवर बसवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि एकेक पेडल लावून विचारायचं की पाय कुठे बसतोय. डोळे उघडे असले की माणसं चकचकीत दिसतं तेच घेतात आणि आठवड्याने परत करायला येतात, असं त्यांचं म्हणणं. मी चरफडत घरी आले.

ताईला सांगितलं तर ती यायला तयार होईना. कधीही कशाला नाही न म्हणणारी बाई. "कुठलेही आण की. माझा पाय काय जगावेगळा आहे?" दुसऱ्या दिवशी काम होतं. तिसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं. मला वाटलं, काकांच्या त्या डोळे मिटण्याच्या प्रकाराची तिला लाज वाटत असेल.

त्याच सुमारास माझं एक बटण हरवलं. एका बाईंच्या काळ्या कोटाचं, जाड, घुमटासारखं, आणि तसं दुसरं कुठे मिळेना. बाईंचे रोज निरोप. मी मशीनखाली पालथी पडून शोधलं, चिंध्यांचं बोचकं उपसलं, आणि शेवटी ताईवर घसरले की तूच केरात लोटलंस. ती बिचारी बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "सापडेल गं, घरातच असेल." तिचे बूट माझ्या मशीनखालीच असायचे.

मग एके दिवशी घंटी वाजायची वेळ टळली. मी गॅलरीत उभी राहिले, आत आले, पुन्हा गॅलरीत गेले. शेवटी ती आली, पण सायकल हातात धरून, चालत. नडगीवर साखळीचा काळा पट्टा उमटला होता.

"काही नाही, पाय जरा सरकला."

माझं डोकंच सणकलं. मी तशीच खाली उतरले, सायकलचं हँडल तिच्या हातातून घेतलं आणि काकांच्या दुकानाकडे चालू लागले. सायकल गेली म्हटल्यावर तिला यावंच लागलं.

काकांनी सायकल स्टँडवर चढवली. ताई सीटवर बसली, भिंतीतला लोखंडी गज धरला आणि डोळे मिटले. तिचा चेहरा मला जरा ओढलेला वाटला, पण मी रागात होते.

डाव्या पायापासून सुरुवात झाली. काका खाली स्टुलावर बसले होते. एक पेडल लावला. "हा अरुंद आहे," ताई म्हणाली. दुसरा लावला. "हा मऊ आहे, पण घसरेल." मग रुंद प्लॅस्टिकचा, ज्याच्या अंगावर जाड दाणे होते. तिने पाय दोनदा दाबून बघितला. "हा छान. पाय हलत नाही." मलाही बरं वाटलं. इतके दिवस उगाच आढेवेढे घेत होती असं मनात म्हटलं.

काका दुसऱ्या बाजूला गेले. उजवा जुना पेडल काढून बाजूला ठेवला आणि तसलाच दाण्यांचा नवा हातात घेऊन त्याचे आटे फडक्याने पुसायला लागले. ताईला वाटलं लावून झाला. तिने पाय खाली सोडला. तिथे नुसता लोखंडी दांडा होता. तो नडगीला लागू नये म्हणून काकांनी झटकन आपला पंजा पुढे केला आणि तिचा बूट त्यावर टेकला.

"हो, हाच," ताई डोळे मिटून म्हणाली. "हाही चांगला पकडतोय. हाच बसवा."

काका हलले नाहीत. त्यांच्या उजव्या हातात पेडल, डाव्या तळव्यावर ताईचा पाय. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ताई, डोळे उघडा," काका हळूच म्हणाले.

तिने उघडले आणि खाली बघितलं. तिचा बूट काकांच्या ग्रीसने काळ्या झालेल्या पंज्यावर होता. तिने पाय उचलून घेतला आणि म्हणाली, "तुमचा हात मळला असेल."

"तो मळलेलाच असतो," काका म्हणाले. त्यांनी दोन्ही पेडल बसवले, फिरवून बघितले, सायकल खाली उतरवली आणि माझ्या हातात दिली. तिच्या नाही. "बसवलेत. पण चालवणार कोण ते घरी ठरवा."

सायकल मी हातात धरून घरी आणली. दार लावल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"अंगठ्यापासून सुरू झालं. मग हळूहळू वर सरकलं."

"तू रोज लोकांना सांगतेस ना, साखर आहे, पायाकडे बघत जा?"

"बघतेच की," ती म्हणाली. "पेडलवर आहे की नाही ते बघितल्याशिवाय कळत नाही मला."

मी तिला खुर्चीत बसवलं. इतके दिवस गॅलरीतून मी तिला कशावरून बोलत होते ते आठवलं, आणि मला स्वतःचाच इतका राग आला की तो मी तिच्यावरच काढला. "बूट काढ."

"संध्याकाळी बघू. जेवणानंतरचं रक्त घ्यायची अजून दोन घरं राहिलीत."

"आत्ता काढ."

ती काढेना, तेव्हा मीच खाली बसून तिची नाडी सोडली. उजवा बूट ओढला तसा एक उग्र वास आला. मोजा काळा होता, तळव्याला चिकटलेला. मी बुटात हात घातला. आतलं अस्तर एका बाजूने सुटलं होतं आणि त्याच्याखाली काहीतरी टणक, घुमटासारखं होतं. माझा जन्म बटणं लावण्यात गेला, बघायची गरज पडली नाही.

मोजा पाण्याने भिजवून सोडवला. अंगठ्याच्या मुळाशी बरोबर तेवढाच गोल खड्डा होता, मध्ये लाल, कडेने पांढुरका, ओला. त्या बटणावर ती जिने चढली होती, उतरली होती, सायकल चालवत होती.

"ताई, हे लागलं नाही तुला?"

तिने मान हलवली. "नाही गं. लागलंच नाही."

लोकांचे हेच शब्द ऐकून ती खुश व्हायची. आता तिचा हात खुर्चीच्या कडेवर घट्ट आवळला होता. सगळ्यांना धीर देणारी माझी बहीण भेदरली होती. "अशा पायांचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "तसल्या घरांमध्ये जाते मी रोज. म्हणून बघतच नव्हते. बूट काढायचा आणि मोजा तसाच ठेवून झोपायचं."

मला रडू फुटत होतं, पण दोघींनी एकदम रडून चालणार नव्हतं. मी मॅडमना फोन लावला आणि खरं काय ते सांगून टाकलं. ताई समोर बसून ऐकत होती, तिने मला थांबवलं नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या, "राहिलेली घरं मी बघते. तिला ताबडतोब हॉस्पिटलमध्ये घेऊन जा, आणि त्या पायावर चालवू नकोस." ताबडतोब हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला.

हॉस्पिटल फार लांब नाही, चालत जाता येतं. पण चालवायचंच नव्हतं. मी पायावर स्वच्छ कापड गुंडाळलं, तिला धरून खाली आणलं आणि कॅरियरवर, डब्याच्या जागी बसवलं. मला सायकलला हात लावून वर्षं झाली होती. पहिल्या वळणाला हँडल असं डगमगलं की मागून तिने माझी कंबर गच्च धरली. एक गाडी अंगाला घासून गेली. मागून ताईचा आवाज आला.

"पाय आहे ना पेडलवर?"

मी मान खाली वाकवली.

"बघू नकोस," ती म्हणाली. "न बघता सांग."

घाईत मी घरातल्या पातळ चपलाच घालून आले होते. नव्या पेडलचा एकेक दाणा तळव्याला टोचत होता.

"आहे," मी म्हटलं.

"मग चल पुढे."

दाणे इतके टोचत होते की डोळ्यांत पाणी आलं. पण लागतंय, हे मी तिला सांगितलं नाही.