अकरा पुस्तकांची कड

दोह्याजवळ मुऐदरमधल्या एका व्हिलात मी सात वर्षं पुस्तकं सांभाळली. मालक कतारी, श्रीमंत आणि जुन्या पुस्तकांचा वेडा. आता पर्ल नावाचं बेट उभं आहे, तिथे अजून समुद्रात भराव पडत होता, तेव्हाची ही गोष्ट. वसईला कॉलेजच्या लायब्ररीत काम केलेली बाई म्हणून मला घेतलं होतं. माझ्या हाताखाली एक बाइंडर होते, राजापूरकडचे मुसलमान, साठीला टेकलेले. मी त्यांना चाचा म्हणायचे, ते मला बाय. मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे आमची भांडणंही कुणाला कळायची नाहीत. भांडायचे अर्थात मीच.

ईदच्या आधी इंग्लंडहून एक पेटी आली. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीची अकरा पुस्तकं. तिथल्या जुन्या विद्यापीठात एक मास्तर होते, त्यांनी म्हणे कॉलेजच्या खोलीत बसून अरबी शिकली आणि मरताना पुस्तकं कॉलेजला देऊन टाकली. ही त्यांचीच असावीत, असा विकणाऱ्याचा अंदाज; पुरावा काही नाही. थंडीत कुडकुडत अलिफ-बे गिरवणारा इंग्रज डोळ्यासमोर आणून मालक खूश. ईदला पाहुण्यांना दाखवायची म्हणाले, नीट करून ठेव.

पुस्तक जिथून उघडतं त्या पानांच्या कडेवर काळ्या शाईने काहीतरी खरडलेलं होतं. अकराच्या अकरांवर. आमच्या कॉलेजात पोरं अशाच कडेवर बाण घुसलेली बदामं काढायची आणि दंड भरायची. मी म्हटलं, चाचा, मशीनवर घेऊन कड छाटून टाका, स्वच्छ होऊ दे.

त्यांनी पुस्तक उजेडाकडे धरलं. "बाय, ह्ये कोनी तरी जपून लिवलंय. ऱ्हाऊ दे."

"लायब्रेरियन मी की तुम्ही?" मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जन्माचा रोग. बापाच्या वयाच्या माणसाशी मी अशी बोलले. त्यांनी मान हलवली आणि छाटलं.

ईद छान पार पडली. त्यानंतर महिन्याभराने त्या विद्यापीठातले एक म्हातारे प्राध्यापक आले. त्यांनी पहिलं पुस्तक हातात घेतलं, नुकत्याच छाटलेल्या कडेकडे पाहिलं आणि खुर्चीत बसले. मग समजावून सांगू लागले. त्या काळी कॉलेजात पुस्तकं साखळीने कपाटाला बांधलेली असत, पाठ आत आणि पानांची कड बाहेर. म्हणून पुस्तकाचं नाव आणि कपाटाचा नंबर कडेवरच लिहीत. पुस्तकं त्या मास्तरांची हे सांगणारी तेवढी एकच खूण होती, कॉलेजच्या जुन्या यादीशी ते ती ताडून बघणार होते.



"कुणी कापलं?" मालकांनी विचारलं. चाचांना इंग्रजी येत नव्हतं, पण पुस्तकावर ठेवलेलं बोट त्यांना कळलं. "मैंने काटा, साहब," ते म्हणाले. सगळे माझ्याकडे बघू लागले. 'मी सांगितलं होतं' एवढंच म्हणायचं होतं. नवरा तेव्हा घरी बसलेला, दोन मुलं शाळेत आणि माझा व्हिसा याच माणसाच्या हातात. मी म्हटलं, "मी फक्त शिवण दुरुस्त करायला सांगितलं होतं."

हे मी इंग्रजीत बोलले. चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली केली. त्यांना सगळं कळलं होतं, हे मी आज शपथेवर सांगेन.

"खलास," मालक म्हणाले. पंधरा दिवसांत चाचांचं परतीचं तिकीट निघालं.

त्याच महिन्यात चाची यायच्या होत्या. चाचा बावीस वर्षं इथे, आणि बायकोने दोहा फक्त फोटोत पाहिलेलं. आपल्याच समुद्राचा पलीकडचा काठ बघायचाय, असं ती म्हणते, हे चाचा मला दहादा सांगून चुकले होते. व्हिजिट व्हिसा हातात आला होता, एका दोस्ताने खोली द्यायचं कबूल केलं होतं. नोकरी गेली तसा तो व्हिसाही गेला.

त्या पंधरा दिवसांत मी शुक्रवारच्या सुट्टीत मिस्साला गेले, फादरांपुढे पापनिवेदन केलं. फादर म्हणाले, "मला सांगून काय होणार? मालकांना सांग." उद्या सांगते, म्हटलं. असे चौदा उद्या गेले. लाज वाटते लिहायला, पण मी रोज डबाही नीट खात होते.

जायच्या दिवशी चाचांनी मला एक पुडकं दिलं. कापलेल्या पट्ट्या! प्रत्येक पुस्तकाची कातरण वेगळी, क्रमाने लावून, दोन पुठ्ठ्यांत दाबून दोऱ्याने बांधलेली, वर पेन्सिलने नंबर. कडेवरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. "फेकवंना माझ्यान," ते म्हणाले. "ठेव बाय, कामाला येतील."

त्या पट्ट्या मी मालकांना दिल्या. कुठून आल्या? कपाटामागे सापडल्या, म्हटलं. प्राध्यापकांनी यादीशी ताडून पाहिलं. अकराही पुस्तकं त्या मास्तरांचीच निघाली. पुढे संग्रहाची यादी छापली, तिच्यात माझ्या दक्षतेबद्दल आभार मानले आहेत. ते पान मी आजवर मुलांना दाखवलेलं नाही.

दोन वर्षांनी धीर करून चाचांच्या गावी फोन लावला. सगळं कबूल करायचं, माफी मागायची, असं घोकून ठेवलं होतं. फोन चाचींनी घेतला. चाचा नमाजाला गेले होते. मी नाव सांगताच त्यांचा आवाज फुलला.

"तुमीच ना त्या बाय? ह्यांनी सांगितलंय मला. तुमी सायबाशी किती भांडलात ह्यांच्यासाठी! अल्ला तुमचं भलं करो."



"हो चाची," मी म्हटलं, "खूप भांडले. पण त्यांनी ऐकलंच नाही."