बिघडलेल्या पेशींची शिकवणी

माझं काम लोकांना समजावून सांगायचं म्हणजे मला संकटच वाटतं. ठाण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी कॅन्सरच्या औषधाचे अतिसूक्ष्म कण बनवते, एवढं म्हटलं की समोरचा एकतर हात जोडतो, नाहीतर आपल्या मावशीचे रिपोर्ट काढतो. म्हणून मी 'केमिस्ट्रीत आहे' म्हणते आणि विषय संपवते. बाळकुमच्या आमच्या सोसायटीत तेवढंही कोणी विचारत नाही.

आईला मात्र सांगावं लागलं. जन्मभर मराठी शाळेत शिकवून ती निवृत्त झालेली, बाबा गेल्यापासून डोंबिवलीत एकटीच राहायची, आणि तिचा कॅन्सर उलटून फुप्फुसात पोचला होता. दर रविवारी मी स्कूटरवरून कशेळी, माणकोली करत खाडीवरचा पूल ओलांडून तिच्याकडे जायचे. एकदा जेवताना तिने विचारलं, "तू नक्की करतेस तरी काय?"

मी सांगितलं. शरीरात मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. जंतू, कचरा, दिसेल ते गिळायचं हे त्यांचं काम. पण कॅन्सरची गाठ त्यांना फितवते. मग त्याच पेशी गाठीला रक्तवाहिन्या वाढवून देतात आणि लढायला आलेल्या बाकीच्या पेशींना अडवतात.

"घर फिरलं की घराचे वासेही फिरतात," आई म्हणाली. "मग मारता का त्यांना?"

"काहीजण मारायचं बघतात. आम्ही वळवायचं बघतो. खादाड असतात ना त्या, आमचा कण दिसला की गिळतात. कुत्र्याला पोळीत गोळी घालून देतात तसं. आतल्या औषधाने त्या पुन्हा गाठीवर उलटायला हव्यात. इंग्रजीत याला चक्क 'पुन्हा शिकवणं' म्हणतात."

शिकवणं म्हटल्यावर बाईंचे डोळे चमकले. "म्हणजे बिघडलेल्या पोरांची शिकवणी! मग तसं सांगायचंस ना."

तेव्हापासून फोन उचलला की पहिला प्रश्न एकच, "शिकवणी कुठवर आली?" जिन्यात, भाजीवाल्याकडे, भेटेल त्याला ती माझं कौतुक सांगायची. आता डोंबिवलीत शिकवणी म्हटल्यावर दुसरा अर्थ कोण घेणार? एका रविवारी शेजारच्या काकू दहावीतल्या मुलीला घेऊन दारात हजर. "अगं, तुझी आई म्हणाली तू बिघडलेल्यांना पण वळणावर आणतेस. हिला सायन्सला घे ना. संडेला चालेल आम्हाला."

मुलीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. काकू गेल्यावर आई इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. हसू थांबलं, खोकला काही थांबेना.

मग डॉक्टरांनी केमो बंद केली. आता त्रास कमी होईल एवढंच बघू, म्हणाले. आईने शांतपणे ऐकून घेतलं. रिक्षात बसल्यावर पदर सावरत तिने मला विचारलं, "शिकवणी कुठवर आली गं?"

मला वाटलं, ही माझ्या औषधावर आस लावून बसली आहे. आमचे कण अजून उंदरांपलीकडे गेले नव्हते. काही उंदरांच्या गाठी आक्रसायच्या, काहींच्या ढिम्म. माणसांपर्यंत पोचायला वर्षं लागणार होती आणि आईकडे वर्षं नव्हती. हे तिला कसं सांगावं, असं मी कोणाला विचारणार? प्रयोगशाळेत आम्ही डबा एकत्र खातो, पण बोलतो ते बिघडलेल्या मशीनबद्दल. तो आठवडा मी बाळकुमच्या फ्लॅटमध्ये भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तिला सांगायचं वाक्य मोठ्याने म्हणून बघत होते. इतकं एकटं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

रविवारी तिला पेज भरवून झाली आणि मी म्हटलं, "आई, ती शिकवणी अजून उंदरांचीच आहे. तुझ्यासाठी वेळेत नाही होणार ती."

"माहितीये की मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. पोर्शन किती राहिलाय ते कळतं गं मला."

"मग दर वेळी विचारतेस कशाला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"दुसरं काही विचारलं की तू 'ठीक आहे' म्हणतेस आणि फोन ठेवतेस. हे विचारलं की बोलत बसतेस." तिने माझा हात हातात घेतला. "चल, आता ते राहू दे. तुझं सांग काहीतरी. कामाचं सोडून."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे कोण येतं, मी कोणाकडे जाते, रविवार सोडून कोणासोबत जेवते, सगळं मनात चाचपून बघितलं. एक वाक्य सापडेना. आई माझ्याकडे बघत थांबली होती.