बोटीवरची भाकर

बोट लागणं म्हणजे काय, हे ज्याला लागली त्यालाच कळतं. मद्रासचा किनारा दिसेनासा झाला आणि मी जी आडवी झाले, ती अंदमान येईपर्यंत तशीच. आणि मी अशी आडवी पडलेली असताना माझा नवरा एका परक्या बाईबरोबर डेकवर फेऱ्या मारत होता. इतकी वर्षं झाली, पण आठवलं की पोटात अजून ढवळतं. ते काही समुद्रामुळे नाही.

आणीबाणी उठून चार-दोन वर्षं झाली असतील. हे नागपुरात केंद्र सरकारच्या एका कचेरीत होते. सरकारी खर्चानं फिरायची एलटीसी घेऊन लोक काश्मीरला जायचे, यांनी अंदमान काढलं, कारण यांना काळं पाणी बघायचं होतं. पण त्याच वर्षी यांच्या लघवीत साखर निघाली. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, गोड बंद, भात बंद, आणि रोज चालायचं. जमलं तर ठीक, नाही तर रोजची सुई. सुईचं नाव काढलं की हे पांढरेफटक पडायचे.

डॉक्टरांनी काचेची नळी आणि एक निळं औषध लिहून दिलं होतं. सकाळी लघवीचे थेंब त्यात टाकून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. रंग निळाच राहिला तर देव पावला. हिरवा म्हणजे थोडी साखर, पिवळा म्हणजे बरीच, आणि विटेसारखा लाल झाला तर विचारूच नका. आमच्या घरी रोज विटांची भट्टी लागायची. कारण मी इकडे भाकर वाढत होते आणि हे तिकडे कचेरीतून येताना संत्राबर्फी खाऊन येत होते. शर्टाच्या खिशात कागद सापडायचा. विचारलं की म्हणायचे, "एका तुकड्यानं काय होते वं?"

चालायचं म्हटलं तर त्यांना ऊन लागायचं, नाही तर गल्लीतले कुत्रे आडवे यायचे. आम्ही दोघं कधी बाहेर पडलोच तर हे पुढे आणि मी पिशवी घेऊन दोन पावलं मागे. आमच्या पिढीत तीच रीत होती. दुकान आलं की मागे वळून बघायचे, बायको येते आहे की राहिली कुठे. शेजारी-शेजारी चाललो असू तर सप्तपदीची सात पावलं, तीही भटजींनी चालवलं म्हणून.

बोटीवर भात आणि ब्रेडशिवाय काही मिळत नाही, असं कळलं होतं. म्हणून निघायच्या आधी मी ज्वारीच्या भाकरी थापल्या, तव्यावर कडक वाळवल्या आणि पत्र्याचा डबा गच्च भरला. सोबत जवसाची चटणी आणि फुटाणे. कंबर मोडली माझी. हे म्हणाले, "आपण फिराले जाऊन राहिलो की लढाईवर?"

बोटीवर चढतानाच मागून नागपुरी बोलणं कानावर पडलं. वळून बघितलं तर ती. रामदासपेठेत एकटीच राहायची, मुलींच्या एका शाळेत हेडमास्तरीण होती, लग्न केलेलं नव्हतं. वयानं माझ्याएवढीच, पण पाठ कशी ताठ. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट! तिलाही साखर होती आणि ती हे अगदी हसत सांगत होती. पाच मिनिटांत तिनं मला वहिनी केलं आणि यांना विचारलं, "मग, किती चालता?" यांनी माझ्याकडे बघितलं. मी वर आभाळाकडे बघितलं.

पुढचं मी बघितलं ते दुसऱ्या दिवशी. खालच्या केबिनमध्ये जीव गुदमरायला लागला म्हणून भिंतीला धरत जिन्यावर आले आणि वरच्या पायरीवर बसले. समोरून हे दोघं येत होते. शेजारी-शेजारी. हे घामाघूम झाले होते, पण चालत होते. कठड्यापाशी यांचा पाय अडखळला, थांबावं असं वाटलं असेल. ती किंचित वाकली, हळूच काहीतरी बोलली, आणि हे शाळेतल्या पोरासारखे पुन्हा चालू लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी इतके महिने घसा कोरडा केला, तो पालथ्या घड्यावर पाणी, आणि ही बाई एक वाक्य बोलते आणि माझा नवरा चालतो! मी "अहो!" म्हणून हाक मारली. तीन परके पुरुष वळले. हे वळले नाहीत.

खाली आल्यावर मी विचारलं, "काय बोलते ती एवढं तुमच्याशी?"

"काही नाही वं. शाळेच्या गोष्टी."

"शाळेच्या गोष्टी कानात सांगाव्या लागतात काय जी?"

यांचे कान लाल झाले. मग डब्यातल्या दोन भाकरी कागदात गुंडाळून "वर हवेत खातो" म्हणत निघून गेले. रोज तसंच चाललं होतं. डबा भराभर रिकामा होत होता, एवढंच माझं समाधान. फेऱ्या तिच्याबरोबर असतील, पण भाकर तर माझ्या हातची खातात ना, असं मी माझ्या मेलीच्या जिवाला सांगत पडून राहायचे. परतीच्या बोटीवरही तेच. मी आडवी, ते दोघं उभे. अंदमानात काय बघितलं ते मला आज धड आठवत नाही. ते पांढरे बूट तेवढे आठवतात.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी नळी उकळली. निळी! मी दोनदा उजेडात धरून बघितली. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण लगेच मनात आलं, हा निळा रंग माझा नाही, तिचा आहे. नळी धुताना मी ती जरा जोरातच आपटली. फुटली नाही हे नशीब.

पण नागपुरात आल्यावर यांचं चालणं बंद झालं. पुन्हा ऊन, पुन्हा कुत्रे, पुन्हा खिशात कागद. रंग हिरवा झाला, मग पिवळा. पायाला चपलेनं घासलं होतं, ते सुकेना. डॉक्टर म्हणाले, पुढच्या खेपेला सुई सुरू करू, आणि या पायाचं मी काही सांगू शकत नाही. त्या दिवशी मी फार रडले. रडता रडता एकच गोष्ट दिसत होती. यांना चालवणारी एक बाई या शहरात आहे, आणि तिला बोलवायला मलाच जावं लागणार. नवरा हवा की नाक वर हवं, ते ठरवायचं होतं. मी रिक्षा केली आणि रामदासपेठेत गेले.

तिनं दार उघडलं. टेबलावर ब्रेडचा पुडा आणि दुधाचा कप. मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "माझं ऐकत नाहीत जी ते. तुमचं ऐकतात. बोटीवर तुम्ही जे बोलत होत्या ते येऊन एकदा बोला. काय बोलत होत्या ते मी विचारत नाही."

ती पोट धरून हसायला लागली.

"वहिनी, पहिल्याच दिवशी तुमचे साहेब कठड्यापाशी उभे राहून भाकरी समुद्रात टाकून राहिले होते. मी म्हटलं, काहून हो, अन्न टाकता? तर म्हणे, मले भात खायचा आहे, बायको खाऊ देत नाही. मी म्हटलं, आता एक भाकर माझ्यासमोर खा, एक मले द्या, अन् माझ्यासंग चाला. नाही तर वहिनीले सांगते. झालं! ते थांबले की मी एवढंच म्हणे, सांगू काय वहिनीले?"

मी खुर्चीत बसले. आधी भाकरींचा राग आला. कंबर मोडून थापलेल्या माझ्या भाकरी समुद्रात! मग हळूहळू दुसरं ध्यानात यायला लागलं. म्हणजे हे तिला नव्हे, मला घाबरून चालत होते.

ती हसायची थांबली होती. ब्रेडचा पुडा तिनं बाजूला सरकवला. "मले तर तुमचा राग आला होता, वहिनी. मी इथं आल्यावर रोज ब्रेड खाते. मले कोण भाकर थापून देते? अन् तो माणूस ती समुद्रात टाकते! तुमच्या भाकरीनं बोटीवर माझी तब्येत चांगली राहिली. आता पुन्हा साखर वाढली."

मी उठले. म्हटलं, "उद्या सकाळी या. भाकर बांधून ठेवते."

दुसऱ्या दिवशी ती पांढरे बूट घालून दारात उभी राहिली तेव्हा यांचं तोंड बघण्यासारखं झालं. पायाला पट्टी बांधून, डॉक्टरांना विचारून आम्ही हळूच निघालो. हे सवयीनं पुढे झाले, ती त्यांच्या शेजारी, आणि मी सवयीनं दोन पावलं मागे. कोपऱ्यापर्यंत मी सोसलं. पुढे मला सोसवेना. सगळं कळलं होतं, तरीसुद्धा. मी पदर खोचला, भराभर पुढे गेले आणि म्हटलं, "सरका जी जरा." दोघं सरकली. मी मधे शिरले.

थोडं गेल्यावर हे रेंगाळायला लागले. समोर बर्फीचं दुकान उघडत होतं. ती माझ्यावरून वाकून सवयीनं म्हणाली, "सांगू काय वहिनीले?"

"वहिनी इथंच आहे," मी म्हटलं.

हे मुकाट्यानं चालू लागले.