पाटलाचे सहा चेहरे

मानोरा गावात मी फोटो काढून हातानं रंगवायचो, काडेपेटीवरच्या चित्रांसारखे भडक. एका लग्नात तिथल्या पाटलानं मी रंगवलेला त्याचा फोटो सगळ्यांसमोर फाडला. "हा फोटो हाय का बहुरूप्याचं सोंग?" सारा मांडव हसला. मी तुकडे वेचले. ज्या काचेवरून फोटो छापतात ती मूळ काच मात्र माझ्याकडेच होती.

पोहरादेवीच्या यात्रेत त्याच काचेवरून मी पाटलाचे सहा फोटो छापले. एकात मिशी हिरवी, एकात गाल जांभळे. माझ्या फोटोच्या तंबूबाहेर ओळीनं टांगले. बघ्यांची ही गर्दी!

पाटील तणतणत आला. "काहून टांगले बे?"

"फाडा ना, पाटील. मी उद्या बारा टांगतो."

हसणाऱ्या लोकांतून तो मान खाली घालून निघून गेला. मला त्याची जराही कीव आली नाही. यात्रा संपेपर्यंत मी एकही फोटो उतरवला नाही.