जपून ठेवलेले गुडघे

खाली बसण्यापूर्वी अक्का उजवा तळहात भिंतीला टेकवीत, डोळे मिटत आणि न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर सावकाश उतरत. अर्ध्या वाटेवर त्यांचे गुडघे वाजत. आधी डावा, मागोमाग उजवा. वाळलेली शेंग उकलावी तसा कोरडा, नेटका आवाज. वाफेत उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना तो ऐकू येई. मग पाय लांब पसरून, लुगडे मांडीपर्यंत खोचून त्या दोन्ही हात पुढे करीत आणि तान्ह्या बाळाला सांगत, "दार उघडलं रे राजा. ये आत."

बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाया तुम्हीही पाहिल्या असतील. पसरलेल्या दोन पायांच्या खोबणीत ते एवढेसे अंग पालथे निजलेले, वरून कोमट पाण्याची धार, आणि पाठीवरून फिरणारा तेलकट अंगठा. अक्कांच्या न्हाणीला शिकेकाईचा उग्र वास असे, तापलेल्या तांब्याचा वास असे, आणि शेवटी निखाऱ्यावर उधळलेल्या ऊदाचा निळसर धूर. लहानपणी माझी भावंडे त्या धुरातून बाहेर येताना मी दारात उभी राहून पाहिली आहेत. दर वेळी मला वाटे, बाळ खरोखर कुठल्या तरी दारातूनच आले आहे.

चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी जुनी घरे बरीच होती. आमचे पूर्वज या कन्नड मुलुखात कधी आले ते कुणालाच धड सांगता येत नसे, आणि आमच्या बोलण्यात कन्नड इतके मिसळले होते की ते वेगळे काढणेही कुणाला जमले नसते. त्या घरांतली निम्मी माणसे अक्कांच्या पायांवरून गेलेली. वाढलेल्या वयाचा त्यांच्यापुढे काही उपयोग नसे. एकदा नळावर एक मिशाळ हवालदार कुणावर तरी गरजत होता. अक्का कळशी विसळता विसळता म्हणाल्या, "आवाज स्वल्प कमी कर रे. तुला पालथा घातला की गप्प व्हायचास. घालू काय?" हवालदार हसला आणि निमूट रांगेत उभा राहिला.

मीही त्यांच्याच पायांवरची. माझ्या लग्नात अक्षता टाकून झाल्यावर त्यांनी माझी हनुवटी धरली. "पहिलं माझ्या पायांवर. मग कुणाला हवं त्याला दे. सरी?"

"सरी, अक्का," मी कबूल केले.

बाळंतपणासाठी मी माहेरी आले तेव्हा त्या शब्दाची आठवण मला होती. शेजारच्या घरी, पुतण्याच्या संसारात अक्का राहत. धावत गेले तर त्या खाटेवर. गुडघ्यांना एरंडाची पाने बांधलेली, खोलीभर महानारायण तेलाचा दाट वास, उशाशी डिंकाच्या लाडवांचा डबा. त्या चांगल्याच जड झाल्या होत्या. चेहरा तोच, पण लुगड्याच्या घडीतून दिसणाऱ्या पोटऱ्या वेगळ्याच कुणाच्या असाव्यात इतक्या बारीक.

घडले होते ते आईने सांगितले. गुडघे दुखू लागले होतेच. पलीकडच्या घरच्या तान्ह्या मुलीला न्हाऊ घालून, गुंडाळून अक्का उठायला गेल्या आणि डावा गुडघा एकाएकी लटपटला. त्या पायरीवर मटकन बसल्या. मुलगी छातीशी घट्ट होती. तिची झोपही मोडली नाही. पण त्यानंतर अक्कांनी कुणाचे बाळ पायांवर घेतले नाही.

"दुखतंय फार?" मी विचारले.

"दुखणं राहू दे. आवाज मोजून आलेले असतात ग. एकेकदा वाजला की तेवढं हाड झिजलं, तेवढं वंगण आटलं." मग माझ्या पोटाकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला, ट्रंकेत घडी घालून ठेवलेल्या शालूविषयी बोलावे तसा. "म्हणून चालतच नाही. तूप खाते, लाडू खाते, बसून राहते. जपून ठेवलेत. तुझ्यासाठी."

पाने सुकून खाटेवर गळत होती, आणि ज्या पायांना त्या माझ्या बाळासाठी राखून ठेवत होत्या ते पाय राखता राखताच सरत होते. एवढे मलाही दिसत होते.

माझ्या तपासणीच्या दिवशी मी त्यांना सोबत म्हणून दवाखान्यात नेले. मला एकटीला भीती वाटते असे सांगितले; तेवढे खोटे चालून गेले. जटकेवाल्याने पायाखाली उलटी टोपली ठेवली तेव्हा कुठे त्या घोडागाडीत चढल्या. माझे काम झाल्यावर मी त्यांना टोकाच्या खोलीत नेले. तिथे दोऱ्या, वजने, लाकडी पायऱ्या होत्या आणि पांढऱ्या साडीतली एक तरुण बाई लोकांकडून व्यायाम करून घेत होती. बोलणे कन्नडमधून झाले. मी आपल्या भाषेत सांगते.

अक्का गुडघा दाखवीनात. "तुला कुणी न्हाऊ घातलं, ते आधी सांग."

बाईने हातातली दोरी खाली ठेवली. "आजीनं. देवनहळ्ळीला."

"पाय पसरून?"

"मग काय उभ्यानं?"

"सरी. बघ गुडघा."

तिने गुडघ्याच्या वाटीवर तळहात ठेवला, पाय हळूच वाकवला, सरळ केला. खोली शांत होती. कट्ट् आवाज मलाही आला. अक्कांचा चेहरा कुणीतरी डब्यातला लाडू उचलावा तसा झाला.

"आता दुखलं?"

"आता... नाही."

"मग त्याला वाजू द्या. नुसता वाजणारा गुडघा झिजतोच असं नाही; पुष्कळांचे वाजतात. सूज येते का, अडकून बसतो का, वजन टाकल्यावर दगा देतो का, हे मला सांगा." तिने अक्कांच्या मांडीचा स्नायू चिमटीत धरला. "गुडघ्याची वाटी हा धरून ठेवतो. तुम्ही त्याला झोपवून ठेवलंत. तो बारीक झाला, वर तुपानं वजन वाढवलंत. बिचाऱ्या गुडघ्यानं करायचं काय?"

"झिजेल म्हणून जपला ग."

"निजवून नाही जपायचा, अज्जी. कामाला लावून जपायचा. थोडं थोडं." मग तिने तेही सांगितले, जे ऐकायला मी तयार नव्हते. "वय झालंय. पहिल्यासारखा होणार नाही. पण दुखणं कमी होईल, जोर येईल. आणि जमिनीवर बसणं-उठणं बंद."

तिने अक्कांना फळीवर बसवले, पाय लांब केले, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली. मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, दमाने सोडायचा. मग पाय सरळ ठेवूनच थोडा वर उचलायचा.

अक्का आपल्या पसरलेल्या पायांकडे पाहत राहिल्या. "अय्यो," त्या म्हणाल्या, "ही तर माझी न्हाणीची बैठक!"

त्या दिवसापासून लाडवांचा डबा माझ्या उशाशी आला आणि एरंडाची पाने परसात गेली. सकाळच्या उन्हात अक्का ओसरीच्या कट्ट्यावर सतरंजी टाकून पाय पसरून बसत, एक ओवी संपेपर्यंत गुडघा दाबून धरत. पहिल्या उत्साहात त्यांनी दिवसभर हेच केले आणि संध्याकाळी गुडघा भोपळ्यासारखा सुजला. "औषधाची बाटली एका घोटात पितात का?" देवनहळ्ळीची बाई त्यांच्यावर चिडली. अक्का शाळकरी मुलीसारख्या खाली मान घालून ऐकत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आजीनं हिच्या डोक्यावर पाणी जास्त ओतलंय. पण पोरगी बरोबर बोलते."

पुढे पायाला वजनाची पुरचुंडी बांधायची वेळ आली. त्यांनी जुन्या धोतराच्या फडक्यात नाचणी भरली, बाळाला गुंडाळतात तशी टोके दुमडली आणि ती पोटरीवर बांधून घेतली. ओवी संपली की तिला थोपटत. पावले आधी अंगणापर्यंत, मग नळापर्यंत, मग मारुतीच्या देवळापर्यंत गेली.

जमिनीवर न बसता न्हाऊ घालायचे कसे, हा घोळ उरलाच होता. माझ्या वडिलांनी सुताराकडून फणसाच्या लाकडाचे एक रुंद, लांब बाकडे करवून घेतले. गुडघ्याइतके उंच, पाणी निथळायला मध्ये फटी.

"बाकावर बसून बाळ न्हाऊ घालायचं? शाळा आहे काय?" अक्का दोन दिवस त्या बाकड्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आई न्हाणीघरात गेली तर त्या नाचणीचे बाळ मांडीवर घेऊन त्यावर बसलेल्या.

मला मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आल्यावरच्या पहिल्या न्हाणीला हंडा तापला, तेल कोमट झाले, बायका जमल्या. आणि अक्का न्हाणीघराच्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. नाचणी पडली असती तर वेचता आली असती. दुसऱ्या कुणाला तरी बोलावू, असे आई म्हणणार होती. मी तिचा पदर ओढला.

अक्का आत आल्या. जुन्या सवयीने त्यांचा तळहात भिंतीला लागला. डोळे मिटले. त्या बाकड्यावर बसल्या, एक पाय वर घेतला, आणि डावा गुडघा वाजला. हंड्यातल्या पाण्याची गुणगुण तेवढी उरली.

"दुखलं?" मी विचारले.

अक्कांनी मान कलती केली. गुडघ्याने काय सांगितले ते त्या नीट ऐकत असाव्यात. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू हळूहळू पसरत गेले.

"नाही ग. नुसतं वाजलं." दुसरा पाय वर आला, दोन्ही पाय सरळ झाले, हात पुढे झाले. "दार उघडलं रे राजा. ये आत."

माझ्या मुलानंतरही गल्लीतली कितीतरी बाळे त्या बाकड्यावर न्हाली. बाळ गुंडाळून झाले की अक्का ते आधी आईच्या हाती देत आणि मगच उठत. तो नियम त्यांनी स्वतःलाच घातला होता. थंडीत गुडघे कुरकुरत, त्या त्यांना शेकत, ओवी म्हणत. शेवटच्या आजारापर्यंत त्या देवळात पायी जात होत्या.

त्या गेल्यावर बाकडे आमच्याकडे राहिले, पण घरात फारसे थांबले नाही. कुणाकडे बाळ आले की निरोप येई, अक्कांचे बाकडे द्या. परवा समोरच्या घरची सून ते घेऊन गेली. तिच्या अंगणात उन्हात टेकवलेले असताना मी ते प्रथमच नीट पाहिले. वर्षानुवर्षांच्या तेलापाण्याने लाकूड काळपट झाले आहे. फक्त मधोमध दोन लांब, उजळ पट्टे कोरडे राहिले आहेत, अक्कांच्या पायांएवढे.

न्हाऊ घालायला आलेली बाई नवी होती. तिने बाकडे निरखले, कुणी काही न सांगता आपले पाय त्या दोन पट्ट्यांवर ठेवले आणि बाळासाठी हात पुढे केले.