इतर म्हणायचं नाही

"अन् नाहीतर?"

चष्मा काढायचा, त्याची दांडी समोरच्याच्या स्क्रीनवर टेकवायची आणि एवढंच विचारायचं, ही त्यांची सवय. आपण लिहिलेलं असायचं: यंत्र चालू असेल तर हे कर, बंद असेल तर ते कर. त्या सगळं शांतपणे वाचायच्या आणि मग दांडी टेकवायच्या. चालू नाही, बंदही नाही, तिसरंच काही आलं तर? मग आपण पुन्हा लिहायला बसायचं.

आम्ही त्यांना आपा म्हणायचो. मूळच्या उदगीरच्या, लातूरला औसा रोडवरच्या आमच्या छोट्या ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या प्रोग्रामर. उंचीने बेताच्या, आवाज मात्र खालच्या जिन्यापर्यंत. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढे काम ठेवण्याआधी आपण ते तीनदा तपासतो आणि ज्याने नुसती मान हलवली तरी घरी जाऊन सांगावंसं वाटतं.

एकदा भाचीच्या शाळाप्रवेशाला त्या मला घेऊन गेल्या. कारण एवढंच, की गाडी माझी होती. कारकुनाने मातृभाषा विचारली. आपा म्हणाल्या, "दखनी." दख्खनमधली ही उर्दूसारखी बोली त्यांच्या घरात बोलली जायची, पण कारकुनाच्या संगणकातल्या यादीत ती नव्हती.

"इतर टाकतो," तो म्हणाला.

"इतर नक्को. इतर ही कोणती भाषा हाय? बोलून दाखवा बरं दोन वाक्यं."

मागची रांग हसली. कारकूनही हसला. पण शेऱ्याच्या रकान्यात 'दखनी' लिहून घेतल्याशिवाय आपा खुर्चीवरून उठल्या नाहीत. बाहेर आल्यावर भाची लाजून म्हणाली, "खाला, जाऊ द्यायचं ना." आपांनी तिची वेणी नीट केली.

त्याच सुमारास नांदेडच्या एका रक्तपेढीचं काम आलं. रक्ताच्या पिशव्यांचे फ्रिज बनवणाऱ्या कंपनीची क्लाउड सेवा प्रत्येक फ्रिजची स्थिती एका शब्दात कळवायची: चालू, बंद, बिघाड. तो शब्द वाचून रक्तपेढीच्या प्रोग्रामला देणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोड, आम्ही लिहीत होतो. अशा ठरलेल्या शब्दांच्या यादीला आमच्या धंद्यात एनम म्हणतात. यादी बंद ठेवली की काम सोपं. पण क्लाउडवाल्यांनी उद्या चौथा शब्द सुरू केला, तर लायब्ररी तो ओळखत नाही, अख्खं उत्तरच फेकून देते आणि रक्तपेढीची स्क्रीन कोरी पडते. आपांनी यादी उघडी ठेवली. ओळखीचा शब्द आला तर ओळखायचा. अनोळखी आला तर जसाच्या तसा पुढे द्यायचा.

आमचे साहेब पुण्यात बसायचे. व्हिडिओवर ते म्हणाले, "मॅडम, वाटेल तो शब्द आत घेणार? मग शिस्त काय राहिली?"

"शिस्त म्हणून डोळे मिटून घ्यायचे का, साहेब?"

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी तडजोड काढली: अनोळखी शब्द आला तर स्क्रीनवर 'इतर' दाखवा. म्हणजे प्रोग्रामही पडणार नाही आणि यादीही बंद राहील. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. आपांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"न्हाई. आलेला शब्द पुसून त्याच्या जागी 'इतर' लिहायचं, हे मी करणार न्हाई."

"मग हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल."

"द्या की. पण आधी वापरणाऱ्याला तर विचारा."

साहेबांनी विचारलं नाही. म्हणून आपांनी रजा टाकली, मला सोबत घेतलं आणि नांदेडची एसटी धरली. एसटीत त्या खिडकीशी बसल्या. एवढंच म्हणाल्या, "नोकरी गेली तर अम्मीला काय सांगायचं, त्याचा विचार करून राहिले." त्यांच्या तोंडून काळजी ऐकली ती तेवढीच.

रक्तपेढीतले तंत्रज्ञ पन्नाशीचे, पांढऱ्या कोटाचे गृहस्थ होते. आपांनी त्यांच्यापुढे लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडल्या आणि दोन्हींना यादीत नसलेला एक शब्द पाठवला. एकीत उमटलं: इतर. दुसरीत: डोअर ओपन.

"हे 'इतर' दिसलं तर काय कराल, दादा?"

"काय करणार? कंपनीला फोन लावीन. उचलायची वाट बघीन."

"अन् हे दुसरं?"

"उठून दार लावीन की, ताई! त्यात काय विचारायचं?"

आपा खळखळून हसल्या. तंत्रज्ञांना कळेना आपण काय विनोद केला. पण त्यांनी रक्तपेढीच्या डॉक्टरांना गाठलं, डॉक्टरांनी साहेबांना फोन केला, आणि उघडी यादीच नांदेडला बसली.

आपल्याला डावलून हे केलं, असं साहेबांना वाटलं. आपांना माफी मागायला सांगितलं. "चूक दाखवा, मागते," त्या म्हणाल्या. चूक कुणी दाखवली नाही. पण आपांचा नोकरीचा करार संपला तेव्हा साहेबांनी तो वाढवला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना समोसे खाऊ घातले, माझ्या कोडमध्ये दोन चुका काढल्या आणि जिना उतरून गेल्या. पुढे हैदराबादला काम मिळालं असं कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी नांदेडहून ऑफिसात फोन आला. तेच तंत्रज्ञ. एका फ्रिजची लाइन जळाली होती. इमारतीत वीज होती, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. पण स्क्रीनवर कधी न पाहिलेला शब्द आला: ऑन बॅटरी. क्लाउडवाल्यांनी तो नुकताच सुरू केला होता, आम्हालाही पत्ता नव्हता. तंत्रज्ञ धावले आणि फ्रिजची बॅटरी संपायच्या आत सगळ्या पिशव्या दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवल्या.

"त्या ताईंना द्या ना जरा," ते म्हणाले.

"त्या आता इथं नसतात."

मग म्हणाले, "सांगा त्यांना. एकही पिशवी वाया गेली नाही."

मी लगेच हैदराबादला फोन लावला. मागे रिक्षांचे हॉर्न वाजत होते. मी सगळं सांगितलं. साहेबांचं नाव त्यांनी काढलं नाही.

"शब्द कोणता आला होता?"

"ऑन बॅटरी."

त्यांनी तो हळूच, स्वतःशीच म्हणून पाहिला.

"चांगला शब्द हाय," आपा म्हणाल्या. "चल, माझी बस आली."